कोंबड्या, ऊन आणि माझी पावडर

१४ एप्रिल, सकाळी ७
बायकोचा गुडघा सुजलाय. शेड आजपासून माझ्याकडे. सहाशे कोंबड्या हिने अकरा वर्षं निव्वळ सवयीने सांभाळल्या. सवय म्हणजे शास्त्र नव्हे.

१६ एप्रिल
ऊन मी म्हणतंय. कोंबड्या चोची उघड्या टाकून धापा टाकतात. याला हीट स्ट्रेस म्हणतात, हे घरात फक्त मला माहीत. उपाय अँटिऑक्सिडंट: व्हिटॅमिन सी, ई, सेलेनियम. पावडर आणली. ही म्हणाली, द्या हवी तर, पण आधी छपरावर ओली पोती टाका. मी अँटिऑक्सिडंट म्हणतोय, बाई पोती म्हणतायत.

१९ एप्रिल
जनावरांचे डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, पावडरीचा उपयोग होतो, पण मोजून, गार पाण्यात, आणि हवा खेळती ठेवा. पदवी मिळाली की माणसाचा विचार थांबतो. मी डोस दुप्पट केला.

२१ एप्रिल, दुपारी २
रोजची कटकट नको म्हणून आठवड्याची पावडर छपरावरच्या टाकीत एकदम कालवली. पाणी इतकं तापलेलं की हात पोळला. कोंबड्या एक घोट घेऊन तोंड फिरवतात. कृतघ्न जात. शेडमधले पंखे बंद केले. उद्या गुण आला तर श्रेय पंख्यांना जायला नको.

२२ एप्रिल
अंडी निम्म्यावर. टरफलं कागदासारखी. हिला सांगितलं, शरीर आतून शुद्ध होतंय. तिने विचारलं, कुणाचं. हिचे विनोद नेहमीच खालच्या दर्जाचे.

२३ एप्रिल, संध्याकाळी
सत्तावीस मेल्या. मुळातच कमजोर असणार. ही भिंत धरत धरत शेडमध्ये आली. पंखे लावले. मला टाकी रिकामी करायला लावली. मेलेल्या एकेक उचलून बाहेर ठेवल्या, तुरा सरळ करून. मी मागे उभा राहून सेलेनियमचं कार्य समजावत होतो. ती एवढंच म्हणाली, सरका.

२९ एप्रिल
धाप कमी झालीय. अंडी वाढतायत. पावडर ती अजून देते: पहाटे, गार पाण्यात, चमच्याने मोजून. म्हणजे माझी थिअरी बरोबर निघाली. जेवताना हे तिला सांगितलं. तिने भाजी वाढली.

३० एप्रिल
शेडला कुलूप. किल्ली तिच्या कमरेला. मागितली. तिने शांतपणे विचारलं, कशाला हवी.
मी पोती भिजवायला घेतली.