जांभईमामाचा उजवा हात

३ मार्च, सोमवार

आज पुन्हा! चित्रीकरण थांबवून, सगळ्यांच्या देखत नवरा ओरडला — "हात थरथरतोय तुझा!" म्हणे जांभईमामाने पेपर उघडला की कागद फडफडतो, माइकमध्ये तेवढंच ऐकू येतं, आणि ते माझ्यामुळे.

वा रे वा! त्या कापडी पाणघोड्याचं डोकं नवऱ्याचं, डावा हात नवऱ्याचा, आवाज नवऱ्याचा. मामा सकाळी पोरांना उठवणार, पेपर वाचणार, भली मोठी जांभई देणार आणि त्या आ वासलेल्या तोंडातून कार्टून सुरू होणार — कौतुक सगळं याचं. माझा काय तो एक उजवा हात. लग्नाआधीपासून माझाच. पेपर अर्धा मी धरते, खापर मात्र पुरं माझ्यावर!

टेबलाखाली गुडघे मोडून घ्यायचे ते वेगळंच.

५ मार्च, बुधवार

चहा सोडला. "चहाने थरथरतो," म्हणाला. डोकं ठणकतंय. कागद तसाच फडफडतोय.

७ मार्च, शुक्रवार

याच्या कटकटीपायी डॉक्टरकडे जाऊन आले, एकदाचं. हात पुढे करायला लावले, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. म्हणाले, "बाई, या हाताने तुम्ही सुईत दोरा ओवाल."

घरी येऊन सांगितलं, तर हा म्हणतो — "डॉक्टरसमोर पेपर धरला होतास का?"

याच्यापेक्षा भिंतीशी बोललेलं बरं.

१० मार्च, सोमवार

निर्मातीबाईंनी बोलावलं. पुढच्या सोमवारपासून कार्यक्रम थेट दाखवणार. "थेटमध्ये असली फडफड चालायची नाही. हात सुधारा, नाहीतर मी बदलते."

एरवी दिव्याच्या एका वायरवरून तास तास भांडणारा माणूस, आज चकार शब्द नाही! बायकोची बाजू घ्यायची म्हटलं की दातखीळ बसते.

११ मार्च, मंगळवार

काय लिहू?

पेपर चालू होता. टेबलाखाली धूळ हीऽ एवढी, मला शिंक आली. दाबायला हात मामाच्या बाहीतून ओढला. पेपरची माझी बाजू टेबलावर टेकली. आमच्या पुढ्यातल्या छोट्या पडद्यावर मामा दिसत होता — आणि कागद फडफडतच होता! माझा हात माझ्या नाकावर.

"हात!" हा पडद्यावरून नजर न काढता खेकसला.

मी "हो" म्हणाले आणि हात परत बाहीत घातला. इतका राग आलेला असताना "हो" कसं म्हणाले कोण जाणे.

१२ मार्च, बुधवार

दिवसभर बघत होते. पेला दोन्ही हातांनी धरतो. डावा हात सारखा खिशात. अंगठ्याने बटण लावायला जातो, जमत नाही, मग म्हणतो उकडतंय. एका घरात राहून मला हे दिसू नये! डोळे आहेत की बटणं?

भीती वाटतेय. मामा काढून घेतला तर हा करणार काय? याला दुसरं काही येत नाही. साधा चहा येत नाही!

१३ मार्च, गुरुवार

निर्मातीबाईंनी सरळ विचारलं, "नक्की कुणाचा हात?"

तोंडातून निघून गेलं — "माझा."

झालं. सोमवारपासून माझ्या जागी नवीन मुलगी. हा तिथेच वायर गुंडाळत उभा होता. मान वर केली नाही.

१५ मार्च, शनिवार

आजचं एकूण बोलणं — "मीठ कुठंय?" "असतं तिथंच."

१७ मार्च, सोमवार

आज घरी बसून टीव्हीवर जांभईमामा पाहिला. पेपर त्या मुलीने एकटीने धरला होता. मामाचा डावा हात कोटाच्या खिशात! पहिल्यापासून शेवटपर्यंत. कागद हू की चू नाही.

म्हणजे माहीत होतं! सगळं माहीत होतं याला! आणि मला चहा सोडायला लावला! डॉक्टरकडे पिटाळलं!

आल्या आल्या बोलले. मनात होतं नव्हतं ते सगळं. "लाज नाही वाटली?" म्हटलं.

बूट न काढताच बसून राहिला. मग म्हणाला, "वाटली. म्हणूनच तर तुझं नाव घेतलं."

मी आतलं दार आपटलं. कडी निखळली.

१८ मार्च, मंगळवार

सकाळी "चल" एवढंच म्हणाला. स्टुडिओत सगळ्यांसमोर सांगितलं — "हात माझा होता. ही माझ्यावर पांघरूण घालत होती." आणि त्या नव्या मुलीला उठवून टेबलाखाली उजव्या बाजूला, माझ्या जागेवर बसला. उजवा हात ठणठणीत आहे त्याचा.

"डोकं आणि डावा हात तू घे. आवाज मी देतो. आणि जांभई घाईने मिटू नकोस, घाई करतेस तू."

मेला, तेवढ्यातही चूक काढलीच!

कागद अजिबात वाजला नाही. आज थरथरलं ते मामाचं तोंड. ते मात्र माझ्यामुळे.