तिजानी मामांचे मुरलेले लावे

हवारिया, मे अखेर

आदरणीय तिजानी मामांना दलेंदाचा सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? मामींना झोप लागते का? इथे सगळे ठीक. खमीससारखा भाऊ गेल्यापासून घरात बोलणारे कोणी उरले नाही, त्यामुळे मीही फारशी बोलत नाही. पण भाच्याच्या चाळिसाव्याला दलेंदाने शिकारीचा अपमान केला, असे तुम्ही गावभर सांगत आहात असे कळले, म्हणून हा कागद घेतला.

हो, लावे मी बर्फात ठेवले. खमीसच्या ससाणीने धरलेले लावे त्याच्या चाळिसाव्याच्या जेवणात, कुसकुसवर असावेत आणि ते खाऊन कोणी दवाखान्यात जाऊ नये, एवढेच मला हवे होते. म्हणून ससाणी मुठीवर घेऊन मी स्वतः रानात गेले (लोक बघत होते, बघू देत). प्रत्येक लावा हलाल करून तिथेच पोट साफ केले, सावलीत टोपलीत सुटे सुटे मांडले आणि ऊब गेल्यावर मासेवाल्या हेदीच्या पेटीत, बर्फावर. पेटी घरी आणली तेव्हा तुम्ही अंगणातूनच ओरडलात, "अगं पोरी, ही शिकार आहे, ऑपरेशन नव्हे! पिसांसकट पिशवीत राहू दे, चव मुरते!"

मुरते मामा, थंडीत. मे महिन्यात जे होते त्याला मुरणे म्हणत नाहीत. तुम्ही आदल्या दिवशीचे लावे बंद कातडी पिशवीत, उन्हातल्या गाडीच्या डिकीतून आणलेत. पिशवी उघडली तेव्हा हेदी म्हणाला, "मामा, मी मासे विकतो, तरी मला चक्कर आली." त्यावर तुम्ही, "तुझं नाक खारवलेलं आहे रे!" खमीस असता तर पोट धरून हसला असता. मग गप्प तुमचेच लावे खाल्ले असते, कारण तुमच्यापुढे त्याने कधी तोंड उघडले नाही. मी उघडते. माफी मागणार नाही. पुढच्या वर्षीही बर्फच.

आणि "बाईमाणसाला ससाणी कशाला, माझ्याकडे पाठव" हा तुमचा निरोपही पोचला. पाठवणार नाही.

मामींना सलाम.

तुमची भाची,
दलेंदा

ता. क. जेवताना तुम्ही बोटे चाटून म्हणालात, "बघा, याला म्हणतात मुरलेली चव!" ते लावे माझे होते. तुमचे लिंबाच्या झाडाखाली पुरले आहेत. मांजर वास घेऊन परत गेली.

आणखी एक. हंगाम संपला. ससाणीला सोडायला हवे, दरवर्षी खमीस त्या हंगामात पकडलेली सोडायचा तसे. दोनदा डोंगरावर गेले. तिच्या पायातली दोरी सुटते, पण माझी मूठ उघडत नाही. शुक्रवारी तुम्ही या. काही बोलू नका, नुसते शेजारी उभे राहा. जेवण इथेच आहे.

पिशवी आणू नका.