गेर्बरगासेतली पोटमाळ्याची खिडकी

प्रति,
मा. अधिकारी,
जुन्या वास्तूंचे जतन विभाग,
नगर कार्यालय, ग्रेवेनरोडे

विषय : गेर्बरगासे १४ या घराच्या पोटमाळ्याची रस्त्याकडील खिडकी विटांनी बंद करण्यास परवानगी मिळणेबाबत (दुसरा अर्ज).

संदर्भ : आपले नकाराचे पत्र, दि. ३ सप्टेंबर २०२४.

महोदया,

१. मी, रोझविता डीस्टेल, वय ७१, वरील घरात पती फोल्कमार यांच्यासह एक्केचाळीस वर्षे राहत आहे. 'खिडकी बंद करण्याचे सबळ कारण दिलेले नाही' असे आपण कळवले आहे. पहिल्या अर्जात मी 'खासगी कारण' एवढेच लिहिले होते. ते पुरेसे नसल्याने सविस्तर लिहीत आहे.

२. माझे पती नाटकांचे पडदे रंगवत. १९९१ साली येथील नाट्यगृह बंद झाल्यावर त्यांनी हॅम्बुर्गच्या एका कंपनीसाठी संगणकावरच्या खेळाची चित्रे काढली. चित्रातल्या दारावर, विहिरीवर, कंदिलावर टिचकी मारत कोडे सोडवत पुढे जायचे, असा तो खेळ. नाव 'सातव्या खाणीचा पहारेकरी'. त्यातली गल्ली आमचीच, घरही आमचेच. पोटमाळ्याच्या खिडकीत त्यांनी आमची मुलगी आंके बसवली. ती तेव्हा सात वर्षांची होती. चित्रातली तिची उंची अकरा ठिपके. त्यातले तोंडाला दोन, बाकी बहुतेक लाल स्वेटर. खिडकीवर टिचकी मारली की खाली अक्षरे येत, 'वर कोणीतरी आहे.' आंके पुन्हापुन्हा टिचकी मारून हसत असे. दोन वर्षांनी ती रक्ताच्या आजाराने गेली. तिची खोली पोटमाळ्यावरच होती.

३. यंदा एप्रिलमध्ये तोच खेळ दुसऱ्या एका कंपनीने नव्याने करून बाजारात आणला. सगळी चित्रे पुन्हा काढली, बारकाईने. त्या लोकांना आमच्या मुलीविषयी माहिती नव्हती, तेव्हा मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी खिडकीतल्या मुलीला चेहरा दिला, आवाज दिला. आता टिचकी मारली की ती हात हलवते आणि म्हणते, "दार उघडंच आहे, वर ये ना."

४. मे महिन्यापासून लोक घर शोधत येतात. समोर उभे राहून वर हात हलवतात. काही जण दार ढकलून बघतात. ११ जून रोजी ब्रेमेनचे एक दंतवैद्य जिन्याच्या पाचव्या पायरीपर्यंत आले होते. मी हटकल्यावर ओशाळले. म्हणाले, "माफ करा बाई, तिनेच वर बोलावलं होतं." मी त्यांना दारापर्यंत सोडले. मला राग आला नाही. काहीच वाटले नाही.

५. पडदा लावून पाहिला. 'पडदा हलला' असे कोणीतरी इंटरनेटवर लिहिले आणि त्या आठवड्यात दुप्पट माणसे आली. मग कपाट सरकवून लावले. त्याची मागची फळी रस्त्यावरून दिसते व घराच्या काळाशी विसंगत आहे, म्हणून आपल्याच कार्यालयाने ते काढायला लावले. त्यानंतर आपले निरीक्षक श्री. क्नाप पाहणीस आले. फार सभ्य गृहस्थ. मापे घेतली. पर्यटकांच्या पत्रकात आता या खिडकीचा उल्लेख असल्याने, उन्हाळ्यापुरता तिथे एखादा लाल स्वेटर टांगता येईल का, असे त्यांनी विचारले. मी 'बघते' म्हणाले. स्वेटर घरात आहे. मी तो काढून बघितलाही.

६. सहमालकाची सही नाही, हेही आपण नकाराचे एक कारण दिले आहे. पती सही देत नव्हते. त्यांचे वय ७६, पूर्ण भानावर आहेत. रोज दुपारी वर खुर्ची टाकून बसत आणि खालच्यांनी हात हलवला की आपणही हलवत. नव्या खेळातला तो चेहरा आंकेचा नाही, असे मी त्यांना एकदा सांगितले. ते म्हणाले, "माहीत आहे मला. माझ्याकडे दोनच ठिपके होते, रोझविता. तिचं तोंड मला काढताच आलं नाही. आता डोळे मिटले की हीच दिसते." मी खाली येऊन बटाटे सोलत बसले. मलाही आता तीच दिसते, हे मी त्यांना सांगितलेले नाही. आपल्या कार्यालयानेही, पाहणीस पुन्हा कोणी आल्यास, कृपया सांगू नये.

७. गेल्या रविवारी खालून एका बाईंनी मोठ्याने विचारले, "आजोबा, मुलगी कुठंय?" पती थोड्या वेळाने खाली आले, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पेन मागितले. सही केली. त्यांची अट एकच आहे : विटा आतून लावाव्यात, बाहेरची चौकट आणि काच तशीच राहावी. "लोक हात हलवतात, हलवू देत," एवढेच म्हणाले.

त्यामुळे घराचा दर्शनी भाग न बदलण्याची आपली अटही पाळली जाते. काचेमागच्या विटांना काळा रंग देऊ, म्हणजे बाहेरून खिडकी खिडकीच दिसेल. भिंत फक्त आम्हाला दिसेल.

तरी परवानगी ऑक्टोबरअखेर मिळावी, ही विनंती. त्यापुढे गारठ्यात चुना धरत नाही, असे गवंड्याचे म्हणणे आहे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपली नम्र रहिवासी,

(सही)
रोझविता डीस्टेल
ग्रेवेनरोडे, दि. २५ सप्टेंबर २०२४

सोबत : खिडकीची आतून व बाहेरून छायाचित्रे, गवंड्याचे पत्र, पतींचे संमतिपत्र.