नदीएवढाच देश

अप्पा, तुमचे डोळे जायला लागले त्या वर्षी मला आफ्रिकेत गणित शिकवायची नोकरी लागली. आपल्या जिल्ह्याचे नुकतेच तुकडे झाले होते, दुकानांत परदेशी साबण दिसू लागले होते आणि पेपरात बाहेरच्या शाळांच्या जाहिराती येत होत्या. देशाचं नाव गांबिया. अम्मानं ते पुन्हा पुन्हा विचारलं आणि शेवटी विचारायचं सोडून दिलं.

तंजावूरचं आपलं स्वयंपाकघर, तमिळ मुलखात पिढ्या गेल्या तरी मराठीच बोलणारं. अम्मा दोशाचं पीठ वाटते आहे. तुम्ही कोलमच्या रांगोळीच्या पिठाचा डबा मागता आणि खाली बसता. आयुष्यभर हायस्कुलात भूगोल शिकवलात, पण आता नकाशावरची नावं तुम्हाला दिसत नाहीत. बोटांनी जमीन चाचपत तुम्ही एक लांब, वाकडी रेघ सोडता. “ही नदी.” मग तिच्या दोन्ही अंगांना चिकटून दोन रेघा. “आणि हा देश. झाला.”

“एवढाच?” अम्मा म्हणाली. “माझ्या दारातल्या कोलमाला याहून जास्त जागा लागते.”

“तुकडे व्हायच्या आधीचा आपला जिल्हा घे, त्याहून थोडा मोठा. माणसं आपल्या चौथाईएवढी. तिन्ही बाजूंना एकच शेजारी, चौथीला समुद्र. पिकवून विकतात तो भुईमूग. खातात भात, पण तो पुरत नाही, बाहेरून आणतात.”

अम्माचा हात थांबला. “नदी आहे आणि भात पुरत नाही? मग ती नदी करते काय?”

तुमच्या पुस्तकात ते दिलेलं नव्हतं. अम्माला तेवढंच हवं होतं. ती माझ्याकडे वळली. “यांना इंग्रजी पेपर कोण वाचून दाखवणार? डोळे चाललेल्या बापाला टाकून जातीस?”

मी नाही म्हणणारच होते. तुम्ही पीठ लागलेली बोटं वेष्टीला पुसलीत. “डोळे चाललेत म्हणूनच जाऊ दे तिला. सगळं जग शिकवलं मी, आणि मद्रासच्या पलीकडे गेलो नाही. घरातल्या एकानं तरी बघितलेलं असू दे.” रागानं पिठात पाणी जास्त ओतलं अम्मानं. दुसऱ्या दिवशी एकही दोसा तव्यावरून धड सुटला नाही, आणि तुम्ही ते तुकडे कौतुक करत खाल्लेत.

गांबियाची राजधानी नदीच्या मुखाशी आहे. माझी शाळा पलीकडच्या काठाला, आणि पूल नाही. धक्क्यावर शेळ्या, भुईमुगाची पोती, बंदरात उतरून शेजारच्या देशाकडे निघालेले कापडाचे गठ्ठे. आणि मुलं, जिकडे तिकडे मुलं, अर्धा देश शाळेच्या वयाचा वाटावा इतकी. बोट यायची होती. कावेरी ओलांडताना आपण करतो तेच मी केलं. उतारावर वाकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, घोट घेतला. आणि थुंकले. खारट.

शेजारी एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन उभी होती. ती इतकी हसली की टोपलं डगमगलं. “समुद्र पितेस काय बये!” मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली.

“ही नदी ना?”

“नदीच. पाऊस नसला की समुद्र तिच्यात चढतो, पार आतपर्यंत. पाऊस आला की ती त्याला परत खाली ढकलते. मीठ हटलं की आम्ही बायका भात लावतो. पुरुष तिकडे वर, भुईमुगात.” मग तिनं मला न्याहाळलं. “तुमच्याकडे कशी असते?”

“आमची समुद्रापर्यंत जेमतेम पोचते. कालव्याकालव्यांनी शेतातच संपते.”

तिचं हसू गेलं. “सगळी नदी?” तिनं हळूच विचारलं. “सगळी पिऊन टाकता?”

बोट सुटली. मी कठड्याशी उभी. पलीकडचा काठ एक बारीक रेघ. आमच्याखालून समुद्र देशाच्या आत चालला होता, आवाज न करता, आणि हे सगळे लोक पोत्यांवर बसून पाव खात होते. आपल्या नदीला आपण दरवाजे लावले. इथे दहाएक लाख माणसं तिच्या कलानं घेत होती, ती मीठ मागे नेईपर्यंत थांबत होती. एवढं मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते एवढ्याशा देशात होतं.

पोचल्यावर तुम्हाला पत्र लिहिलं, मराठीतच, पण तमिळ अक्षरांत, देवनागरी न येणाऱ्या अम्माला ते तुम्हाला वाचून दाखवता यावं म्हणून. अम्मानं उलट लिहिलं: नदीचा भाग पुन्हा पुन्हा वाचायला लावतात, आणि मला म्हणतात, ऐक, ती करते काय ते कळलं. पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. मी त्यानंतर परतले.

हे देवनागरीत लिहिते आहे. आता या घरात ती वाचणारं माझ्याशिवाय कुणी नाही, म्हणून लिहिता येतं. त्या पत्रात मी लिहिलं होतं, सगळं तुमच्यासाठी बघितलं. तसं नव्हतं, अप्पा. धक्का सुटल्यापासून पलीकडचा काठ लागेपर्यंत मला तुमची आठवणसुद्धा झाली नाही.