पाइन हॉलोची भरती आणि गळती

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार
आजपासून मी पाइन हॉलो व्हॉलंटियर फायर कंपनीचा रिक्रूटमेंट अँड रिटेन्शन कोऑर्डिनेटर. मानद. (ऑफिसात सात वर्षं तोच सीनियर प्रोग्रॅमर. प्रमोशन यतीनला.) इथे पगारी फायरमन नाहीत. गावातलेच लोक कमरेला पेजर लावून फिरतात, तो वाजला की हातातलं टाकून आग विझवायला धावतात. फुकट. कागदावर चौदा जण, प्रत्यक्षात येतात सहा. दिवसाउजेडी तेवढेही नाहीत. म्हणून सरकारी ग्रँट मिळाली आहे, माणसं मिळवायला आणि टिकवायला. अर्ज मीच लिहिला. चीफ अर्ल (वय अडुसष्ट) म्हणाले, यू आर अवर गुरू. माझं नाव गुरुदत्त म्हणूनही असेल, पण सूर आदराचा होता.
टार्गेट : वर्षात वीस. मी स्वतःही फायरफायटरचं ट्रेनिंग घेणार. येत्या शनिवारपासून.

७ ऑक्टोबर, शनिवार
गुडघा. ट्रेनिंग जानेवारीपासून.

४ नोव्हेंबर
जवळच्या स्टेट कॉलेज या शहरात मराठी मंडळाच्या दिवाळीत माझं प्रेझेंटेशन. चव्वेचाळीस स्लाइड्स. जेवण तयार आहे असं कुणीतरी मागून तीनदा ओरडलं, तरी मी ओघ तुटू दिला नाही. गिरीशने विचारलं, मुलाच्या कॉलेज ॲडमिशनला हे दाखवता येईल का. एकनाथकाकांनी विचारलं, भाजलो तर इन्शुरन्स कुणाचा. म्हणजे इंटरेस्ट आहे. अकरा सह्या मिळाल्या! डझन पुरं दिसावं म्हणून बारावं नाव बायकोचं, उल्काचं, मीच टाकलं.

१४ नोव्हेंबर
ओरिएंटेशन. बारा जणांचा पिझ्झा मागवला. आली एक. उल्का.
तिला वाटलं, मी खरंच तिचं नाव दिलंय. नागपूरला ती बँकेत ऑफिसर होती. इथे माझ्या व्हिसावर डिपेंडंट, नोकरी करायची परवानगी नाही. सहा वर्षं घरीच आहे. चीफना विचारत होती, फुकट काम करायला तर काही अडचण नाही ना. ते म्हणाले, मॅम, इथे सगळेच फुकट करतात.
चार दिवसांत कंटाळेल. करू दे.

१० फेब्रुवारी २००७
उल्काचं ट्रेनिंग चालू. आज म्हणे सरावाचा ऐंशी किलोचा पुतळा जिन्यावरून खाली ओढत आणला. जेवताना तीनदा सांगितलं. मी तिन्ही वेळा ऐकलं. रिटेन्शनमध्ये ॲक्टिव्ह लिसनिंग महत्त्वाचं. भात मात्र मीच लावला. तिच्या केसांना धुराचा वास येतो. रुही (वय अकरा) म्हणाली, मॉम इज सो कूल. मी तिला म्हटलं, प्रोग्रॅम कुणाचा आहे?
माझं ट्रेनिंग उन्हाळ्यात.

६ मे
बॅनर लागला. टी-शर्ट वाटले, एकशेवीस. नवीन भरती : दोन. एक जण ओहायोला गेला. दुसरा टी-शर्ट घालून फिरताना दिसतो, म्हणजे ब्रँडिंग चालू आहे. चीफचं म्हणणं, माणसाच्या दारात जाऊन त्याला विचारावं लागतं. जुन्या पिढीला प्रोसेस समजत नाही.

२ जुलै
पॉइंट सिस्टिम सुरू केली! कॉलला दोन पॉइंट, ड्रिलला दोन, मीटिंगला एक. कॉल म्हणजे आगीचं बोलावणं. सही केली तरच पॉइंट. मागच्या बारा महिन्यांत तीसच्या खाली असलात तर मेंबरशिप बंद. लोकांना मेझर केल्याशिवाय ते टिकत नाहीत.
डेल नावाचा मेकॅनिक आहे. एकतीस वर्षं कंपनीत. प्रत्येक आगीला पहिला पोचतो, म्हणतात. म्हणतात! रजिस्टरला एकही सही नाही. पॉइंट शून्य. नोटीस पाठवली.

१९ ऑगस्ट
नियमाप्रमाणे डेलचा पेजर जमा करून घेतला. त्याने तो टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "मग आग लागली की मला सांगणार कोण?" मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा. त्याच्या मागोमाग आणखी तिघांनी पेजर आणून ठेवले. निष्क्रिय लोक गळणं हे निरोगी संस्थेचं लक्षण आहे.
गाडीत उल्का म्हणाली, "गुरू, तू त्याला सही करायला सांगायचंस. पेन पुढे करायचंस, बस." आगीत उड्या मारणं वेगळं, मॅनेजमेंट वेगळं. हे तिला समजावलं. तिने रेडिओ लावला.

५ मार्च २००८, बुधवार
सकाळी सव्वाअकराला कॉल. कोपेक नावाच्या म्हाताऱ्या गृहस्थांचं घर. मी न्यूजलेटरसाठी रजा घेऊन फायर हॉलमध्येच होतो. चीफ, उल्का आणि एक जण, तिघेच आले. उल्काने कोट चढवता चढवता माझ्याकडे पाहिलं. ट्रेनिंग नसलेल्याला ट्रकवर चढता येत नाही, मी काय करणार? तिघांच्या सह्या राहू नयेत म्हणून मीच रजिस्टर भरलं. दोन-दोन पॉइंट.

६ मार्च
कोपेक गेले.
आत दोघांनी जायचं तर बाहेर दोघं तयार हवेत, असा नियम. हे तिघं. आत माणूस आहे हे नक्की असेल तर नियम मोडता येतो. पण दारात गाडी नव्हती, हाकांना उत्तर नव्हतं. घर रिकामं समजून बाहेरूनच पाणी मारत शेजारच्या गावच्या ट्रकची वाट बघितली. एकोणीस मिनिटं. कोपेक तळघरात होते.
त्यांची गाडी ब्रेकच्या कामाला डेलच्या गॅरेजमध्ये होती. म्हणजे ते घरी आहेत हे गावात एकट्या डेलला माहीत होतं. तेव्हा तो त्याच गाडीखाली होता.

९ मार्च
फ्युनरल. डेल मागे उभा होता. मी जाऊन सांगितलं, तुझा राग असेल तर मी समजू शकतो. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहत राहिला.
उल्का तीन दिवस रुहीच्या खोलीत झोपते. आज एवढंच म्हणाली : "डेलचा पेजर तुझ्या ड्रॉवरमध्ये चार्ज होत होता. त्या दिवशी वाजला असेल ना रे?"
वाजला होता. मी बंद केला. न्यूजलेटरचं काम चालू होतं.
नियम मी एकट्याने केला नव्हता. मीटिंगचे मिनिट्स आहेत. कमिटीने पास केला होता.

१७ जून
मीटिंग. ग्रँटचा रिपोर्ट वाचला : सुरुवातीला चौदा, आता नऊ, पण रेकॉर्ड अचूक. कुणी प्रश्न विचारले नाहीत. नंतर नवीन कोऑर्डिनेटर नेमावा का यावर मतदान. मी नैतिक कारणास्तव राजीनामा दिला. (मतदान आधी झालं, पण निर्णय माझ्या मनात सकाळपासून होता.) उल्कानेही हात वर केला. बाजूने की विरोधात, ते नीट दिसलं नाही. दिसलं.

१२ सप्टेंबर
इथला प्रोजेक्ट बंद. कंपनी मला शॉमबर्गला पाठवते आहे. बदल हवाच होता. तिकडे मराठी लोक भरपूर, स्कोप मोठा.
उल्का म्हणाली, मी नाही येत. रुहीची शाळा आहे. मी म्हटलं, वर्ष संपलं की या. ती म्हणाली, "शाळेचं मी रुहीपुरतं सांगितलं. माझं म्हणजे, मी नाही येत." शब्दांचा घोळ होतो तिचा. नंतर शांतपणे बोलू.

८ नोव्हेंबर, शॉमबर्ग
फाइल घेऊन इथल्या एका फायर स्टेशनवर गेलो. अनुभव सांगितला. काउंटरवरची बाई नम्र होती. म्हणाली, इथे सगळे पगारी आहेत, कुणाला टिकवावं लागत नाही. मग मुलगा आहे की मुलगी, विचारलं आणि लाल प्लॅस्टिकचं हेल्मेट दिलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी. घेतलं. नाही म्हणणं बरं दिसत नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार, दुपार
फोन केला. रुहीने उचलला. बातम्या : डेल परत आला. त्याच्याबरोबरचे तिघंही. शिवाय चार नवीन. मी विचारलं, कोणती स्ट्रॅटेजी वापरली? रुही म्हणाली, मॉम त्यांच्या घरी गेली आणि सॉरी म्हणाली, दॅट्स इट.
म्हटलं, आईला दे. "शी इज ऑन अ कॉल, बाबा."
होल्डवर थांबतो म्हणालो. तेवढ्यात काय बोलायचं ते एका कागदावर मुद्देसूद लिहून काढलं. पाच मुद्दे. दुसरा मुद्दा माझ्या चुकीचा होता. तो खोडून पहिला केला.
पंधरा मिनिटांनी रुही परत आली. तू अजून आहेस? म्हणाली. मी विचारलं, आई एवढा वेळ कुणाशी बोलतेय?
"नॉट दॅट काइंड ऑफ कॉल, बाबा," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.