तुमच्या रागाचा पुरावा

ती. आबांना लेकीचा डब्लिनहून दंडवत. कागद चुलीत घालायच्या आधी वाचा.

मी खुशाल हाय. तुमी मानत नसला तरी तुमचा जावई टोमास बी खुशाल हाय. आईचा गुडघा कसा हाय?

काल व्हिसाच्या सायबानं आमच्या लग्नाचे फोटो बघितले. म्हणाला, "पोरीचे आईबाप एकाबी फोटोत न्हाईत. लग्न व्हिसापुरतं दिसतंय."

मी बी सुभेदाराची लेक. म्हणलं, "सायेब, लग्न खोटं असतं तर आबांनी हसून सोडलं असतं. खरं हाय म्हणून तर वर्षभर बोलत न्हाईत."

त्याला पुरावा पायजे. मी माफी मागणार न्हाई, पण इस्लामपुरातनं एक पत्र धाडा. पोटभर शिव्या घाला. फक्त एकट्या मला नगं, जावयाला बी नाव घेऊन घाला.

तुमच्याच वळणाची हट्टी,
शिवांजली