मोठ्या रस्त्याच्या अलीकडची मुलं

दुबई, १२ जानेवारी २०२५

ती. प्रकाशकाकांस,
अपर्णाचा शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला हल्ली फोनवर धड ऐकू येत नाही आणि कानाचं मशीन तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, असं काकूनं कळवलं. म्हणून हातानं लिहितेय, फोटो काढून पाठवीन. अक्षराला हसू नका. कॉलेज सुटल्यापासून एवढं मराठी सलग लिहिलेलं नाही.

इकडे सगळे ठीक. सुजीतचं रास अल खोरचं ऑफिस तसंच चालू आहे, म्हणजे गोदामात माल येतो तेव्हा नवरा घरी येत नाही. काम आहे ते इराच्या शाळेचं. तुमच्याच शाळेचं म्हणा ना. तुम्ही चार घरांनी मिळून भाड्याच्या व्हिलात काढलेली शाळा आता इतकी भरली आहे की लायब्ररीचे दोन वर्ग केलेत आणि संगीताचे सर जिन्याखाली शिकवतात. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा खिडकीतून नुसती वाळू दिसायची. आता समोर टॉवर, बाजूला टॉवर, आणि जिथे टॉवर नाही तिथे क्रेन.

परवा शाळेतून सर्क्युलर आलं. एप्रिलपासून वाळवंटाच्या बाजूला नवी शाखा उघडणार आणि मोठ्या रस्त्याच्या अलीकडे राहणारी सगळी मुलं तिकडे जाणार. आमचा टॉवर त्या रस्त्याला अगदी चिकटून आहे, फक्त चुकीच्या बाजूनं.

दुसऱ्या कोणाचं मूल असतं तर मी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण इराची ही तिसरी शाळा. इथे आली तेव्हा वर्षभर तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. हजेरीलासुद्धा नुसता हात वर करायची. घरी पोपटासारखी बोलणारी मुलगी तिथे दगड व्हायची. मग शेजारच्या बाकावर अयान नावाचा मुलगा आला. त्याला सारखे प्रश्न पडतात, आणि त्याला उत्तर देता देता ही बोलायला लागली. आता कुठे बाईंनी सांगितलं की इरा वर्गात मोठ्यानं वाचते. त्या दिवशी मी गाडीत बसून रडले होते.

तुम्ही समितीवर आहात. ती हद्दीची रेघ एक ब्लॉकभर सरकवा ना. सगळे आपापला वास्ता, म्हणजे वशिला, लावतायत, मी माझ्या काकांना सांगितलं तर कुठे बिघडलं?

काकूला नमस्कार. लोभ आहेच, तो हे पत्र वाचूनही राहू द्यावा.

आपली,
अपर्णा


उम्म अल कुवैन, १७ जानेवारी २०२५

चि. सौ. अपर्णा हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या काकूनं मोठं करून टीव्हीवर लावलं. अक्षर तुझ्या बाबांसारखंच आहे, म्हणजे ओळीवर बसायला तयार नाही.

वास्त्याचं म्हणशील तर साफ नाही. राग येऊ दे. पण तुझ्या पत्रातून मला एक शंका आली आणि ती काही केल्या डोक्यातून जात नाही. रेघ आम्ही ऑफिसात बसून कॉम्प्युटरवर काढली. जबल अलीच्या बंदरात नोकरीला असताना कंटेनर कुठे लावायचा हे मी कागदावर ठरवायचो, पण मग यार्डात जाऊन बघायचोही. इथे कोणीच बघायला गेलं नाही. सहा लेनचा रस्ता दिसला, तीच हद्द धरली आणि मोकळे झालो.

आता खरी परिस्थिती सांगतो. तुमच्या बाजूची सगळी मुलं तिकडे पाठवल्यावर जुन्या शाळेत एखाद्या वस्तीपुरत्या जागा उरतील, जास्त नाही. त्या कोणाला द्यायच्या यावर समितीत भांडण जुंपलं आहे. मी म्हटलं, ज्यांना जुनी शाळा खरोखरच हाताशी आहे त्यांना द्या. सगळ्यांना पटलं. पण तसे कोण आहेत हे सांगता येणारा माणूस आमच्यात एकही नाही.

तर तू एक कर. सकाळी शाळेच्या वेळेला खाली उतर आणि बघ. तुमच्या बाजूची मुलं शाळेत जातात कशी? कोण कुठून निघतं? रस्ता कोणी ओलांडतं का? मला फार उत्सुकता आहे. इतकी वर्षं शाळा चालवली, पण मुलं दारापर्यंत कशी येतात हे मी कधी पाहिलेलं नाही. तू लिहिशील ते मी समितीपुढे जसंच्या तसं ठेवीन, तेव्हा डोळ्यांनी दिसेल तेवढंच लिही.

काकू विचारते, इराला बेसनाचे लाडू आवडतात की रव्याचे. आमचा तन्मय तिकडे येणार आहे, त्याच्याबरोबर पाठवते म्हणते.

तुमच्या सर्वांवर जीव असलेला,
प्रकाशकाका


दुबई, २६ जानेवारी २०२५

ती. काकांस,
शि. सा. न. वि. वि.

बेसनाचे. डबा मिळाला आणि संपलाही.

तुमचं पत्र वाचून आधी चिडले. मागितलं काय आणि दिलं काय, माझ्यावरच काम टाकलंत. पण मग गेले खाली, आणि आता जे बघितलं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमच्या टॉवरखाली सकाळी लग्नघरासारखी गर्दी असते. पिवळ्या बस लागतात, मोटारींची रांग लागते, वॉचमन शिट्ट्या मारत असतो. पण पायी निघालेलं एकही पोर नाही. आम्ही बाया पण गाडीतूनच एकमेकींना हात करतो. मी दोन-तीन दिवस पाहिलं, हेच.

मग टॉवरच्या मागे गेले. तिथे चार मजली जुन्या इमारती आहेत. तीन वर्षं झाली आम्हाला इथे, मी तिथल्या कॅफेटेरियातून फक्त करक चहा आणलाय, तोही गाडीतून हॉर्न वाजवून. त्या इमारतींतून आपल्या शाळेच्या युनिफॉर्ममधली मुलं निघाली आणि रस्त्याच्या दिशेनं चालत जाऊन चक्क दिसेनाशी झाली. मी धावत मागे गेले. रस्त्याखालून पायी जायचा बोगदा आहे, काका. टाइल्स लावलेला, दिवे असलेला. आत मुलांचे आवाज घुमत होते. पलीकडे बाहेर पडलं की शाळेची भिंतच. गाडीनं यू टर्न घेऊन जायला आम्हाला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्म्यात ती मुलं पोचतात.

आणि त्या घोळक्यात अयान होता. मला वाटायचं तो बसनं येतो. बरोबर त्याची आई, शहनाझ, आणि त्याच्या दोघी बहिणी. शहनाझ औरंगाबादची. मी मराठीत बोलले तर आधी दचकली, मग माहेरचं माणूस भेटल्यासारखा हात धरला. नव्या शाखेचं विचारल्यावर म्हणाली की तिघांच्या बसचे वर्षाचे चौदा-पंधरा हजार दिरहॅम होतात, म्हणजे साडेतीन लाख रुपये. ते कुठून आणायचे? तसं झालं तर ती मुलांना घेऊन आईकडे परत जाईल आणि नवरा इथे बेड स्पेस, म्हणजे कोणाच्या खोलीत नुसती एक खाट, भाड्यानं घेऊन राहील. रडली वगैरे नाही. सामान कधी पाठवायचं हेसुद्धा तिनं ठरवून ठेवलंय. इन्शाल्ला तशी वेळ येणार नाही, असं शेवटी म्हणाली आणि घाईनं कामावर गेली.

काका, हे पत्र मी दुसऱ्यांदा लिहितेय. पहिल्यात मी बोगद्याचं लिहिलं होतं आणि आमच्या टॉवरपासून तो किती जवळ आहे ते लिहिलं होतं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. जुन्या इमारतींबद्दल मात्र मी काही लिहिलं नव्हतं. सुजीतला वाचून दाखवलं, तो म्हणाला परफेक्ट आहे, खलास, पाठव. मग मीच ते फाडलं. आता तो म्हणतोय की मला वेड लागलंय, आणि आपल्या मुलीचं आपण नाही बघायचं तर कोणी. त्याचं चुकतं असं मला म्हणता येत नाही.

तर डोळ्यांनी दिसलं ते हे: जुनी शाळा मागच्या चार इमारतींना हाताशी आहे. आमच्या टॉवरला ती गाडीच्या हाताशी आहे, आणि गाडीला नवी शाखाही दूर नाही.

हे लिहिताना मला तुमचा फार राग येतोय. तुम्ही विचारलं नसतंत तर मी खाली उतरले नसते.

तरीही तुमचीच,
अपर्णा


उम्म अल कुवैन, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अपर्णास,
अनेक आशीर्वाद.

काल समितीची बैठक झाली. तुझं पत्र मी वाचून दाखवलं, फक्त माझ्यावरच्या रागाचा भाग वगळून. मग सांगितलं की ही माझी पुतणी, तेव्हा निर्णयाच्या वेळी मी आत बसत नाही. बाहेर येऊन बाकावर बसलो. आत काय चाललंय ते ऐकायला कानाचं मशीन हवं होतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

रेघ बदलली. मागच्या चार इमारती जुन्या शाळेत राहतील. तुमचा टॉवर नव्या शाखेत जाईल.

समितीतल्या एका बाईंनी बाहेर येऊन मला विचारलं की पत्र लिहिणारीचं मूल नक्की कुठे राहतं. मी सांगितलं. त्यांनी मला चहा आणून दिला.

तू चांगलं केलंस असं लिहिणं मला सोपं आहे, कारण किंमत मला द्यायची नाही. मला वाईट वाटतंय, पोरी. इरा वर्गात गप्प बसलेली मला इथे बसून दिसते. त्या बोगद्याचंही डोक्यातून जात नाही. आपल्या शाळेच्या भिंतीला लागून तो आहे आणि मला माहीत नव्हता. तन्मयला घेऊन येतो एकदा, मला त्यातून चालत जायचं आहे.

रागावलीस तरी चालेल, पण कळवत राहा.

तुझा,
प्रकाशकाका


उम्म अल कुवैन, २३ मार्च २०२५

चि. सौ. अपर्णा हिस,
विभावरीकाकूचे आशीर्वाद.

दोन महिने होत आले, तुझं पत्र नाही. मी लिहायला बसले म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलंय असं समज. तुझे काका जेवताना फोन ताटाशेजारी ठेवतात आणि मी विचारलं की हवामान बघतोय म्हणतात. इथे हवामान काय बघायचं? मशीनही आता निमूटपणे कानात घालतात, फोन वाजला तर ऐकू यावा म्हणून.

त्यांच्यावर रागव, हक्क आहे तुझा. पण मला तर कळव की पोरीचं काय. तिला सांगितलंस का? रडली का? सुजीत बोलतो का तुझ्याशी? ईदच्या सुट्टीत सगळे इकडे या. समुद्र आहे, गर्दी नाही, आणि मी कोणालाही काही विचारणार नाही. म्हणजे प्रयत्न करीन.

वाट पाहणारी,
काकू


दुबई, २७ एप्रिल २०२५

ती. काका आणि काकूस,
शि. सा. न. वि. वि.

ईदला आलो नाही, पत्रही नाही. माफ करा. लिहिण्यासारखं चांगलं काही नव्हतं, आणि वाईट लिहिलं असतं तर काकांनी जेवण सोडलं असतं.

नवी शाखा सुरू झाली. इमारत कोरी करकरीत, मैदान एवढं मोठं की मुलांना कुठे पळावं कळत नाही. इरा पहिल्या दिवशी बसमध्ये चढली ती मागे न बघता. आणि मग जे व्हायचं तेच झालं. पुन्हा हजेरीला नुसता हात. या वेळी घरीही गप्प. विचारलं की फाइन म्हणायची आणि खोलीत जायची. सुजीत मला बोलला नाही, तेच जास्त लागलं. मला वाटायचं, दुसऱ्यांच्या पोरांसाठी मी माझ्या पोरीचं बोलणं देऊन टाकलं.

गेल्या आठवड्यात तिनं एकदम विचारलं की अयान का नाही आला. मी ठरवलं होतं की ती मोठी झाल्यावर सांगू. पण सगळं सांगून टाकलं. जागा थोड्या होत्या, पत्र मी लिहिलं, तो इथे राहावा म्हणून तू गेलीस. ती रडेल अशी तयारी ठेवून बसले होते. तिनं फक्त विचारलं की हे त्याला माहीत आहे का. मी नाही म्हटलं. त्यावर इंग्रजीत म्हणाली की मग कोणीतरी त्याला सांगायला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मला घेऊन त्याच्या इमारतीखाली गेली. तिथे मुलं क्रिकेट खेळत होती. त्या सगळ्यांसमोर माझ्या मुलीनं अयानला बजावलं की तू बसतोस ती जागा माझी आहे, तेव्हा तिथे रोज काय होतं ते मला येऊन सांगायचं. काहीही गाळायचं नाही. अयाननं थोडा विचार करून कबूल केलं, पण एका अटीवर. तिनंही तिकडचं सांगायचं.

तेव्हापासून तो रोज येतो. कोणाचा डबा सांडला, संगीताच्या सरांना खोली मिळाली, सगळं. मग हिची पाळी. पहिले दोन दिवस हिच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. त्यानं विचारलं की तुमच्या वरच्या मजल्यावर काय आहे. हिला माहीत नव्हतं. तिथे कुलूप असतं एवढंच माहीत होतं. कुलूप का, असं त्यानं विचारलं, तेही माहीत नव्हतं. तो हसला. ही लालबुंद.

गुरुवारी तिच्या बाईंचा मला फोन आला. इरानं वर्गात पहिल्यांदा हात वर केला, आणि हजेरीसाठी नाही. उभी राहून तिनं स्वच्छ आवाजात विचारलं की वरच्या मजल्याला कुलूप का आहे. बाईंनी सांगितलं की तो मजला पुढे येणाऱ्या मुलांसाठी ठेवलाय, त्यांची घरं अजून बांधून व्हायचीत. इरा खाली बसली नाही. ती मुलं आत्ता कुठे आहेत, असं तिनं विचारलं.

संध्याकाळी ती आणि अयान आमच्या खिडकीत उभे राहून क्रेन बघत ती मुलं आत्ता कुठे असतील यावर वाद घालत होते, आणि मी स्वयंपाकघरातून नुसती ऐकत होते.

आता काका, मशीन कानात आहेच तर येत्या शनिवारी या. अयान तुम्हाला बोगद्यातून नेणार आहे. तुम्हालाही तो पुष्कळ विचारील.

काकांवरचा राग संपलेली,
अपर्णा